परिचर्येचे शिक्षण : खर्च आणि फलित

बारावीनंतर परिचारिका होण्याच्या मुख्य वाटा तीन : दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम आणि चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग. पदवीस जीवशास्त्रासह विज्ञान शाखा लागते. कला शाखेच्या मुलीलाही जीएनएम खुला आहे. रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या पदास जीएनएम व पदवी दोन्ही चालतात. तेव्हा चौथ्या वर्षाचे शुल्क, वसतिगृह आणि बुडालेली मिळकत यांचा हिशेब पालकांनी आधी मांडावा. अध्यापनाची वा एमएस्सीची आकांक्षा असेल तर मात्र पदवीला पर्याय नाही. ती जीएनएमनंतर दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमानेही मिळते. एकूण वर्षे पाच होतात, पण मध्ये कमावता येते. शेजारचे पोर गेले म्हणून कर्ज काढणे हा हिशेब नव्हे. शिष्यवृत्तीवर भिस्त असणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा.