कन्हारच्या चिखलात जुनी कॅम्पर

प्रश्न : माझी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह बोलेरो कॅम्पर पावसाळ्यात शिवनाथकाठच्या शेतवाटेवर रुतते. काय करावं? (एक वाचक, खुर्सीपार, भिलाई)

उत्तर : आधी जमीन ओळखा. तुमच्या दुर्गकडची भाटा माती मुरमाड; पाऊस थांबला की लवकर वाट देते. कन्हार मात्र काळी, चिकट. टायरच्या खाचा तिनं भरल्या की चारही चाकं नुसती घसरतात. अशा वाटेनं भर पावसात माल नेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोर-व्हील चिखलात शिरण्याआधी टाका, रुतल्यावर नव्हे. हाताने फिरवायचे हब असतील तर पुढची दोन्ही चाकं लॉक करा. लो रेंज, दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा. मध्येच क्लच दाबू नका. चाक जागेवर फिरू लागलं की पाय काढा. रेटत राहिलात तर खड्डा खोल होतो, डिफरन्शियल मातीवर टेकतं आणि मग फावड्याशिवाय सुटका नाही. गाडी रिकामी असेल तर टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, पकड वाढते. डांबरीला लागण्याआधी पुन्हा भरा. कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील ठेवलंत तर वळताना ट्रान्सफर केसवर ताण येतो.

पाण्यातून गेलात तर डिफरन्शियलचं तेल बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बदला. ब्रीदरची नळी बुजली आहे का तेही पाहा. ओढून काढताना दोर चासीच्या हुकालाच बांधा आणि माणसं लांब उभी करा. ताणलेला दोर तुटला तर जीव जाऊ शकतो.