दोन सय्यद अहमद आधी वेगळे कर

वहाबी, फरायझी, अलीगढ, देवबंद... सगळ्याची खिचडी झाली म्हणतेस ना? होणारच गं. ग्रोव्हर-बेल्हेकरांच्या त्या जाडजूड पुस्तकात कुणाचंही हेच होतं. माझी वही तर पाच रंगांच्या शाईने इतकी सजली होती की वाचायची सोडून बघतच बसावं!

आधी दोन सय्यद अहमद वेगळे कर. रायबरेलीचे सय्यद अहमद वहाबी चळवळीचे. ते 1831 मध्ये बालाकोटला शिखांशी लढताना मारले गेले. दिल्लीचे सर सय्यद तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचे होते.

खरं सांगू का, सर सय्यदांच्या सनावळ्या घोकू नकोस, त्यांची काळजी धर. 1857 मध्ये ते बिजनौरला कंपनीच्या न्यायखात्यात होते. उठावानंतर इंग्रजांचा राग मुसलमानांवर विशेष निघाला आणि आपला समाज मागे पडतोय हे त्यांनी पाहिलं. म्हणून 1864 मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढून इंग्रजी ग्रंथांची भाषांतरं, मग 1870 मध्ये ‘तहजीब-उल-अखलाक’ हे नियतकालिक, मग 1875 मध्ये अलीगढची शाळा. तिचंच पुढे कॉलेज झालं आणि 1920 मध्ये विद्यापीठ. बघ, क्रम आपोआप लागला की नाही? मुलींच्या शाळेचं मात्र त्यांनी मनावर घेतलं नाही, याचा मला अजून राग येतो. ती अलीगढला 1906 मध्ये शेख अब्दुल्लांनी काढली.

देवबंदची काळजीही तीच, उत्तर उलटं. 1866 मध्ये लोकवर्गणीतून मदरसा उभा राहिला, सरकारी पैसा नको म्हणून. आणि पेपर काढणारे इथेच पकडतात बरं का! इंग्रजी शिक्षणाचे कैवारी सर सय्यद काँग्रेसच्या विरोधात, तर परंपरावादी देवबंदी उलेमा पुढे काँग्रेसच्या बाजूने. आधुनिक म्हणजे राष्ट्रवादी असं समीकरण डोक्यात असेल तर गुण गेलेच म्हणून समज.

राज्यसेवेसाठी आपल्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई विसरू नकोस. 18 एप्रिल 1966 ला तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम बायका मुंबईत मोर्चा घेऊन निघाल्या, तो त्यांच्याच पुढाकाराने. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ. नावातला ‘सत्यशोधक’ दिसला की जोतिरावांशी धागा जोड, उत्तराला वजन येतं.

फरायझींना उद्याचा अर्धा तास पुरे. हाजी शरीयतुल्ला, त्यांचा मुलगा दुदू मियाँ आणि पूर्व बंगालचे शेतकरी, बस. आता वही मीट आणि जेवून घे गं.