म्हशीचा माज अन् दिवसाचा उजेड : पोळा ते संक्रांत हे दिवस हातचे जाऊ देऊ नका


*पशुपालन पाठ – म्हैस*

उन्हाळ्यात गटावर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, "भाऊ, म्हैस माजावरच येत नाही, काऊन?" त्याचं अर्धं उत्तर चाऱ्या-पाण्यात अन् उन्हात आहे. उरलेलं अर्धं उजेडात आहे. आजचा पाठ त्या दुसऱ्या अर्ध्यावर. आता दिवस लहान होऊ लागलेत, म्हणून हा पाठ आत्ताच वाचा, उन्हाळ्यासाठी ठेवू नका.

*१) म्हैस दिवस मोजते*

आपल्या अमरावती-अकोल्याकडे २१ जूनच्या सुमारास दिवस सगळ्यात मोठा असतो, सुमारे १३ तास २० मिनिटांचा. २२ डिसेंबरच्या सुमारास सगळ्यात लहान, सुमारे १० तास ५० मिनिटांचा. म्हणजे फरक अडीच तासांचा. आपल्याला तो फारसा जाणवत नाही, म्हशीच्या शरीराला बरोबर जाणवतो.

डोळ्यांतून उजेडाची खबर मेंदूपर्यंत जाते. मेंदूत पिनियल नावाची छोटी ग्रंथी आहे. अंधार पडला की ती मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडते, उजाडलं की थांबवते. रात्र मोठी तर मेलाटोनिन जास्त वेळ. हा इशारा मिळाला की म्हशीचं बीजांडकोष जोमाने कामाला लागतं अन् माज उघड दिसतो. म्हणून ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत म्हशी जास्त माजावर येतात, अन् मार्च ते जून माज थंडावतो किंवा मुका राहतो. मुका माज म्हणजे आत सगळं चालू असतं, बाहेर खूण दिसत नाही.

*२) कोंबडीचा नियम म्हशीला लावू नका*

अमरावतीकडे अंड्यांच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये संध्याकाळी दिवे लावतात हे सगळ्यांना माहीत आहे. नैसर्गिक अन् दिव्याचा मिळून १६ तास उजेड दिला की कोंबडी अंड्यावर टिकते. घोडीचंही तसंच, दिवस वाढले की ती माजावर येते. परदेशात संकरित गाईंना १६ तास उजेड देऊन दूध वाढल्याचे प्रयोगही झालेत.

हे ऐकून कोणी म्हणेल, "मग म्हशीच्या कोठ्यातही रात्रभर बल्ब ठेवू." थांबा. म्हैस उलट्या जातीची आहे. शेळी-मेंढीसारखी ती लहान होत जाणाऱ्या दिवसांत फळते. एका बल्बने म्हैस भाकड राहील असं नाही. पण वीजबिल भरून तिला उलटा इशारा कशाला द्यायचा?

साप, चोर, जनावर यांची भीती असेल तर दिवा कोठ्याच्या बाहेर, दाराशी, तोंड बाहेर करून लावा. आत धार काढण्यापुरता अन् माज पाहण्यापुरता उजेड करा, मग बंद करा.

*३) एकटा उजेड दोषी नाही*

आपल्याकडे मोठा दिवस, ४४-४५ अंशांचा ताप अन् हिरव्या चाऱ्याची टंचाई हे तिन्ही एकाच वेळी येतात. म्हशीचं कातडं काळं, घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे ताप तिला गाईपेक्षा जास्त बाधतो. विषुववृत्ताजवळच्या देशांत दिवस वर्षभर सारखाच असतो. तिथे चारा-पाणी चांगलं असेल तर म्हशी बारमाही फळतात. म्हणजे उजेड, ताप आणि चारा या तिन्हींचा हिशेब एकत्र धरा.

उत्तर भारतात उन्हाळ्यात माजावर न येणाऱ्या वगारींच्या कानाच्या मुळाशी, कातडीखाली मेलाटोनिनच्या बारीक गोळ्या बसवून पाहण्यात आल्या, अन् त्यांचं बीजांडकोष कामाला लागलं. यावरून रात्रीच्या इशाऱ्यात किती जोर आहे ते कळतं. पण तो संशोधनाचा भाग झाला. घरच्या घरी असले संप्रेरकाचे प्रयोग कोणीही करू नये.

इटलीत म्हशीच्या दुधाचं चीज उन्हाळ्यात जास्त खपतं, अन् म्हशी मात्र निसर्गाप्रमाणे पावसाळा-हिवाळ्याकडे वितात. तिथले पशुपालक बाजारासाठी वळू काही महिने कळपातून दूर ठेवतात अन् मोठ्या दिवसांत भरवतात. त्याची किंमतही मोजतात, कारण त्या दिवसांत गाभण राहण्याचं प्रमाण कमी मिळतं.

*४) पैशाचा हिशेब*

म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवस. माज दर २१ दिवसांनी. व्याल्यावर ६० दिवस विश्रांती द्यायची. आता दोन म्हशी पाहा.

👉 पहिली जुलैत व्याली. सप्टेंबरात भरवायला तयार. मकर संक्रांतीपर्यंत तिचे पाच-सहा माज हाती आहेत. एखादा चुकला, एखाद्यात उलटली, तरी भरपाई होते. १५ सप्टेंबरला गाभण राहिली तर पुढच्या २२ जुलैच्या आसपास विणार.

👉 दुसरी नोव्हेंबरच्या शेवटी व्याली. जानेवारी संपता संपता तयार. दिवस वाढू लागलेले. फेब्रुवारी-मार्चात दोन-तीन संधी. त्या हुकल्या तर बहुतेक वेळा पुढच्या ऑगस्टची वाट.

समजा दूध आटल्यावर रिकाम्या म्हशीच्या कुटार-ढेपीला रोज १२० रुपये लागतात. पाच महिने म्हणजे १८,००० रुपये, अन् बदल्यात ना दूध ना पारडू. म्हणून दुसरीसारखी म्हैस असेल तर जानेवारीतच डॉक्टरांना दाखवा, मार्चची वाट पाहू नका.

*५) आत्तापासून काय करायचं*

✅ *रात्री अन् पहाटे पाहा.* म्हशीचा माज बहुधा रात्री किंवा पहाटे सुरू होतो. झोपण्याआधी एक चक्कर, पहाटे ४-५ वाजता दुसरी, संध्याकाळी तिसरी. बॅटरी घेऊन जा, पाहून झालं की विझवा.

✅ *खुणा ओळखा.* म्हैस गाईसारखी दुसऱ्या जनावरावर फारशी उडत नाही. ओरडणं, वारंवार थोडं थोडं मुतणं, निरण सुजणं, काचेसारखी स्वच्छ चिकट सोट, दूध चोरणं, चारा कमी खाणं, यातल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की माज समजा. बसल्यावर सोट खाली पडते, म्हणून ती उठल्यावर जागा पाहा.

✅ *सकाळी माज तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी माज तर दुसऱ्या सकाळी.* रेतनानंतर म्हशीला उन्हातून हाकलू नका. सावलीत बांधा, पाणी पाजा.

✅ *तारीख लिहा.* कोठ्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं तरी चालेल. रेतनानंतर १८ ते २४ दिवसांत पुन्हा लक्ष ठेवा. माज दिसला नाही म्हणून गाभण समजू नका, मुका माज असू शकतो. दोन महिन्यांनी तपासणी करून घ्या.

✅ *खुराक सांभाळा.* हिरवा चारा आहे तोवर भरपूर द्या. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम. जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने.

❌ सोट गढूळ, पांढरी किंवा वास मारणारी असेल तर रेतन करू नका, आधी उपचार.
❌ व्याल्यावर ९० दिवस झाले तरी माज नाही, किंवा तीनदा उलटली, तर गावठी औषधात वेळ घालवू नका. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. अवघड प्रकरणासाठी अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे.

*६) पूर्णाथडीवाल्यांसाठी*

पूर्णा नदीच्या खोऱ्यातली आपली भुरकट पूर्णाथडी म्हैस आता करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदलेली आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा हेच तिचं घर. तुमची म्हैस चांगली पूर्णाथडी असेल तर तिला याच जातीच्या हेल्याने किंवा त्याच जातीच्या रेतमात्रेने भरवण्याचा प्रयत्न करा. रेतमात्रा मिळेल का, हे माज येण्याआधीच दवाखान्यात विचारून ठेवा. माजाच्या दिवशी धावाधाव करून मिळेल ती मात्रा भरू नका.

*आजचं काम :* घरातल्या प्रत्येक म्हशीची व्याल्याची तारीख लिहा, त्यात ६० दिवस मिळवा. ती तारीख संक्रांतीच्या आत येत असेल तर त्या दिवसापासून रात्रीची चक्कर सुरू करा. ज्यांच्या घरी बाया धार काढतात त्यांनी हा संदेश त्यांना वाचून दाखवा. माज आधी त्यांच्याच नजरेला पडतो.

शंका असेल तर म्हशीची व्याल्याची अन् शेवटच्या रेतनाची तारीख लिहून गटावर पाठवा. तारखेशिवाय सल्ला देता येत नाही.

पुढचा पाठ : वगार पहिल्यांदा कधी भरवावी.