पिंजरा नसलेले प्राणिसंग्रहालय

प्राणिसंग्रहालय म्हटले की आपल्याला सरथाण्याचे वाघ-सिंह आठवतात. त्यांना पाठीचा कणा असतो. परंतु प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी ९० टक्क्यांहून अधिक जाती कणा नसलेल्या, म्हणजेच अपृष्ठवंशीय आहेत. फुलपाखरे, मुंग्या, कोळी, गोगलगाय हे सारे त्यात येतात.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत ओवळे गावात श्री. राजेंद्र ओवळेकर यांनी सुमारे दोन एकर जागेत फुलपाखरांची बाग फुलवली आहे. तिला 'ओवळेकर वाडी' म्हणतात. फुलपाखरे तेथे कोंडलेली नाहीत. ती आपणहून येतात. असे का बरे?

फुलपाखरू फुलातील मध पिते, पण अंडी मात्र ठरावीक झाडावरच घालते. मादी पायांनी पान चाखून झाड ओळखते. कढीपत्ता व लिंबावर एक, रुईवर दुसरे, एरंडावर तिसरे. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवलेले 'नीलवंत'सुद्धा लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते. म्हणून वाडीत फुलझाडांबरोबर सुरवंटांच्या खाण्याची झाडेही लावली आहेत.

नवागाममध्ये अनेकांच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी असते. तिच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले तर नीट पाहा. तो सुरवंट असू शकतो. या सोंगामुळे पक्षी त्याला खात नाहीत. मोठा झाला की तो हिरवा होतो. डिवचल्यास डोक्यामागून लालसर शिंगे काढतो व उग्र वास सोडतो. चावत मात्र नाही. पुढे कोष करतो आणि त्यातून फुलपाखरू बाहेर येते.

आपण पाने खाल्ली म्हणून औषध फवारतो आणि मग फुलपाखरे दिसत नाहीत म्हणून हळहळतो. कढीपत्त्याला पाने पुन्हा फुटतात. मेलेला सुरवंट परत येत नाही. पालकांनी निदान एक कुंडी विनाफवारणीची ठेवावी. विश्वस्त मंडळासही आमची विनंती आहे की, मैदानाच्या कडेला लिंबू, कढीपत्ता व एरंडाची चार रोपे लावू द्यावीत. एरंडाच्या बिया विषारी असतात, तेव्हा तो कुंपणापलीकडे असावा.

स्वाध्याय : (१) एका सुरवंटाची रोज एकाच वेळी लांबी व रंग नोंदवा. (२) कोष किती दिवसांनी उघडला? (३) सुट्टीत ठाण्याला गेल्यास, आधी चौकशी करून वाडी पाहा व कोणते फुलपाखरू कोणत्या झाडावर बसले ते लिहून आणा.