फोर्ट विल्यम महाविद्यालयातील मराठी : नोकरीतील शिक्षणाच्या नियोजनाचा एक जुना दाखला

नोकरीत दाखल झालेल्या माणसाला त्याच्या कामापुरते शिक्षण नोकरीतच द्यावे, ही कल्पना अलीकडे सरकारी व खाजगी अशा दोन्ही क्षेत्रांत रुजली आहे. २०२० साली केंद्र शासनाने मंजूर केलेली ‘मिशन कर्मयोगी’ ही योजना आणि तिच्या अंतर्गत चालणारे ऑनलाइन पाठ्यक्रम हे तिचे ठळक उदाहरण होय. अशा योजनांचा विचार बहुधा व्यवस्थापनशास्त्राच्या अंगाने होतो. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्यांत एक ओळखीचा प्रश्न दिसावा. पाठ एका भाषेत तयार होतात, मग त्यांची इतर भाषांत रूपांतरे होतात, आणि त्या इतर भाषांतील शिकणाऱ्याच्या हाती नेमके काय पडते, हा तो प्रश्न. कलकत्त्यात दोनशे वर्षांपूर्वी तो एकदा उभा राहिला होता आणि मराठीचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे.

गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १८०० साली फोर्ट विल्यम महाविद्यालयाची स्थापना केली. श्रीरंगपट्टणच्या विजयाचा पहिला वर्धापनदिन म्हणून स्थापनेचा दिवस ४ मे हा मानण्यात आला, यावरूनच संस्थेचे स्वरूप ध्यानात येते. इंग्लंडहून सोळा-अठरा वर्षांची मुले ‘रायटर’ म्हणून येत. त्यांचे हुद्दे व्यापारी पेढीतले, पण प्रत्यक्षात त्यांना न्याय द्यावा लागे, सारा वसूल करावा लागे, दरबारांशी बोलणी करावी लागत. हुद्दा आणि काम यांतील ही तफावत वेलस्लीने अचूक हेरली होती. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, भाषांबरोबर कायदा व इतिहास, ठराविक काळाने परीक्षा, पारितोषिके, गव्हर्नर जनरलच्या उपस्थितीत होणारे जाहीर वादविवाद असा मोठा सरंजाम त्याने उभा केला. १ जानेवारी १८०१ पासून ठराविक जागांवर नेमणूक होण्यास कायद्याचे व भाषेचे ज्ञान आवश्यक ठरविले गेले होते. शिक्षण आणि बढती यांची अशी सांगड आजच्या योजनाकारांनाही सहज साधलेली नाही.

सरंजाम मोठा, म्हणून खर्चही मोठा. कंपनीच्या संचालकांनी १८०२ साली महाविद्यालय बंद करण्याचा हुकूम धाडला. पुढे तडजोड होऊन ते टिकले, परंतु त्याची व्याप्ती आखडली. पाश्चात्त्य विद्यांचे शिक्षण १८०६ पासून इंग्लंडातील कंपनीच्या महाविद्यालयाकडे गेले आणि कलकत्त्याकडे मुख्यतः देशी भाषा राहिल्या. मूळ योजनेत मद्रास व मुंबई इलाख्यांतील नवे नोकरही कलकत्त्यास येणार होते. तो भाग गळून पडला. मराठीच्या दृष्टीने हा फेरफार महत्त्वाचा आहे. ज्या इलाख्यास मराठीची सर्वाधिक गरज पडणार होती, तेथले विद्यार्थी या वर्गापासून दूर राहिले, आणि मराठीचा वर्ग मात्र बंगालातच चालू राहिला.

तो निरर्थक होता, असे मात्र नव्हे. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक प्रांत नागपूरकर भोसल्यांकडून कंपनीकडे आला. नागपूरच्या दरबाराशी पत्रव्यवहार वाढला. १८१८ नंतर तर नागपूरच्या राज्यकारभारात ब्रिटिश रेसिडेंटचा प्रत्यक्ष हात होता आणि तो रेसिडेंट कलकत्त्याला बांधलेला होता. मराठी वाचता येणारा अधिकारी बंगाल सरकारला हवा होता. फक्त त्याचे काम ज्या ठिकाणी होते ते ठिकाण वर्गापासून शेकडो मैल दूर होते. कलकत्त्यात मराठी कानावर पडण्याचा संभव फारच थोडा. जी भाषा बाजारात, कचेरीत, चाकरमाणसांच्या तोंडी ऐकू येत नाही ती पुस्तकावरूनच शिकावी लागते, आणि म्हणून पुस्तकाची निवड येथे निर्णायक ठरते.

मराठीचे अध्यापन विल्यम केरीकडे होते. १८०१ मध्ये बंगाली व संस्कृतसाठी त्याची नेमणूक झाली होती. मराठीची जबाबदारी नंतर आली. त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले. व्याकरणाला नेहमीच्या विषयांवरील संवादांची जोड आहे, ही गोष्ट मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. व्याकरणाचे नियम शिकविणाऱ्याने संवाद कशाला द्यावेत? उघडच आहे : शिकणाऱ्याला मराठी बोलायची होती. १८१० साली मराठी-इंग्रजी कोश आला आणि त्यात मराठी शब्द मोडी लिपीत छापले गेले. व्याकरण देवनागरीत आणि कोश मोडीत, हा बदल वरवर मुद्रणाचा वाटतो. परंतु दप्तरातील मराठी मोडीत होती. केवळ देवनागरी वाचणारा अधिकारी पत्र हाती पडताच अडला असता. मोडीचे ठसे पाडून घेणे खर्चाचे व कष्टाचे काम होते. ते केले गेले, याचा अर्थ निदान या एका बाबतीत काम पाहून पाठ ठरविला गेला.

वाचनपुस्तकांची गोष्ट मात्र निराळी आहे. १८१४ ते १८१६ या सुमारास ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’, ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ आणि ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’ ही मराठी पुस्तके निघाली. यांतील पहिल्या तीन पुस्तकांची नावे बंगाली साहित्याच्या अभ्यासकाला पाठ असतील. रामराम बसू यांचे प्रतापादित्यचरित्र १८०१ चे; मृत्युंजय विद्यालंकार यांचे ‘बत्रिश सिंहासन’ आणि गोलोकनाथ शर्मा यांचा ‘हितोपदेश’ ही दोन्ही १८०२ ची. म्हणजे बंगाली वर्गासाठी जी पुस्तके सिद्ध झाली होती, तीच नावे दहा-पंधरा वर्षांनी मराठी वर्गात आली. सिंहासनाच्या कथा आणि हितोपदेश यांच्याबाबतीत आक्षेप घेण्याचे कारण नाही. त्या सर्व देशभर परिचित होत्या. पण प्रतापादित्य हा जेसोरचा जमीनदार राजा, अकबर-जहांगीराच्या काळातला. बंगालमध्ये काम करणाऱ्याने त्याचे चरित्र वाचणे सयुक्तिक होते. नागपूर वा पुण्याकडे जाणाऱ्याला त्यातून मराठी गद्य मिळाले असेल. मराठी मुलुख मिळाला नाही. पुस्तक तयार होते, म्हणून ते घेतले गेले, याखेरीज दुसरे सबळ कारण दिसत नाही.

चौथे पुस्तक या रांगेत बसत नाही. भोसल्यांची वंशावळी ही मराठी दरबारांच्या परिचयाच्या लेखनप्रकारातली, आणि तिचा विषय थेट त्या दरबाराचा, ज्याच्याशी शिकणाऱ्याचा उद्या संबंध येणार होता. कलकत्त्यात या नावाला एक निराळा संदर्भही होता. पहिल्या रघुजी भोसल्याच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून आल्या, त्या धास्तीने शहराभोवती खंदक खणला जाऊ लागला; तो कधी पुरा झाला नाही, पण ‘मराठा खंदक’ हे नाव मागे राहिले. ‘बर्गी’ हा शब्द तर बंगाली अंगाईगीतांतही शिरला. त्याच भोसल्यांची वंशावळी त्याच शहरातल्या वर्गासाठी पाठ्यपुस्तक म्हणून सिद्ध व्हावी, हा योगायोग लक्षणीय आहे.

या साऱ्या कामात केरीइतकाच महत्त्वाचा वाटा पंडितांचा होता. मराठी विभागाचे मुख्य पंडित वैजनाथ शर्मा यांचे साहाय्य केरीने कोशाच्या संदर्भात मान्य केलेले आहे. तथापि पंडितांचे स्थान पगारावरून कळते. बंगाली विभागात केरीला प्रारंभी दरमहा ५०० रुपये, मुख्य पंडित मृत्युंजयांना २०० आणि रामराम बसूंसारख्या ग्रंथकाराला अवघे ४० रुपये मिळत. भाषा ज्यांना येत होती, त्यांना काय शिकवावे हे ठरविण्याचा अधिकार नव्हता; ज्याला तो होता, तो स्वतः ती भाषा शिकत शिकत शिकवीत होता. केरीची विद्वत्ता व कष्ट वादातीत आहेत, परंतु ही रचनेतील उणीव आहे आणि तिचे माप व्यक्तीच्या पदरात घालू नये.

मराठी वाङ्मयेतिहासात या पुस्तकांचा उल्लेख बहुधा आद्य मुद्रित गद्य म्हणून होतो आणि लागलीच त्यांच्या भाषेतील कृत्रिमतेवर बोट ठेवले जाते. बोट ठेवण्यास जागा आहे, यात शंका नाही. पण ही पुस्तके मराठी वाचकासाठी लिहिलीच गेली नव्हती. सोपी वाक्ये, परिचित कथा, बेताची शब्दसंपत्ती हे गुण शिकाऊ परभाषिकासाठी योजलेले आहेत. त्यांना ललित गद्याच्या कसोटीवर घासणे म्हणजे उजळणीच्या पुस्तकात काव्य शोधणे होय. त्यांची खरी परीक्षा दुसऱ्या ठिकाणी आहे : ती वाचून आलेल्या तरुणाला मोडीतले एखादे अर्जाचे पत्र समजले असते काय? मोडी कोश व संवाद यांच्या बळावर, थोडेफार. प्रतापादित्याच्या बळावर, फारसे नाही.

आजच्या ऑनलाइन प्रशिक्षणाकडे पाहताना हेच वर्गीकरण उपयोगी पडते. इंग्रजीत किंवा हिंदीत सिद्ध झालेला पाठ यंत्राच्या साहाय्याने मराठीत वा बंगालीत आणणे आता काही तासांचे काम झाले आहे; केरी आणि त्याच्या पंडितांना त्यासाठी वर्षे लागली. भाषांतर सोपे झाल्यामुळे प्रतापादित्याचा धोका उलट वाढला आहे, कारण तयार पाठ घेण्याचा मोह अधिक बळावतो. तलाठ्याला किंवा नगरपालिकेच्या लिपिकाला ज्या कागदांशी झुंजावे लागते ते कागद, त्यांतील संज्ञा, त्यांवरचे शेरे, हे कोणत्याही मूळ पाठात नसतात. ते त्या कचेरीतूनच गोळा करावे लागतात. शिवाय शिकणाऱ्याने पाठ पुरा केला याची नोंद यंत्र ठेवते, पण त्याला पत्र वाचता येऊ लागले की नाही हे वरिष्ठाच्या टेबलावरच कळते. वेलस्लीच्या जाहीर वादविवादांतही ही अडचण होतीच : पाठ केलेले भाषण म्हणजे भाषेचे ज्ञान नव्हे.

पुढे १८३० च्या सुमारास महाविद्यालयातील अध्यापकांची पदे काढून घेण्यात आली, संस्था मुख्यतः परीक्षा घेण्यापुरती उरली आणि १८५४ साली तीही विसर्जित झाली. तोवर मराठीचे केंद्र पश्चिमेकडे सरकले होते. १८३१ मध्ये मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. मोल्सवर्थ, कॅन्डी बंधू आणि मराठी शास्त्री मिळून, मराठी मुलखातच शब्द जमवून तो सिद्ध झाला होता. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीनंतर आजही तो अभ्यासकांच्या हाताशी असतो. केरीचा कोश त्याच्यापुढे मागे पडला. मोडी वाचण्याचे शिक्षण मात्र अजूनही द्यावे लागते, कारण महाराष्ट्राच्या पुराभिलेखागारांतील दप्तरे त्याच लिपीत आहेत आणि ती वाचणारी माणसे थोडी आहेत.