बीज दोघांचे, मूल दोघांचे

"बी पुरुषाचे आणि जमीन बाईची," असे जुनी माणसे म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. बीज दोघांचेही असते. ते कसे, हे नवराबायकोने मिळून समजून घ्यावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

बाईचे बीज
ओटीपोटात गर्भपिशवी असते. तिच्या दोन्ही अंगांना एकेक बीजकोश व एकेक नळी असते. दर महिन्याला बहुधा एकच बीज तयार होऊन नळीत येते. पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी हे घडते. हे बीज जेमतेम एक दिवस टिकते.

पुरुषाचे बीज
पुरुषाच्या वीर्यात कोट्यवधी शुक्रजंतू असतात. बाईच्या अंगात ते ५ दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून बाईचे बीज सुटते त्या दिवशी किंवा त्याआधीच्या ५ दिवसांत संबंध आला, तर दिवस राहू शकतात. पण पाळी पुढेमागे झाली की हे दिवसही सरकतात. मूल नको असेल तर नुसत्या बोटांवरच्या हिशोबावर विसंबू नका.

दोन्ही बीजांची भेट
एवढ्या शुक्रजंतूंपैकी एकच नळीतल्या स्त्रीबीजात शिरतो आणि गर्भ धरतो. काही दिवसांनी तो पिशवीत उतरतो व तिच्या अस्तरात रुजतो. रुजला की पाळी थांबते. गर्भ नसेल तर अस्तर गळून पडते, तीच पाळी.

मुलगा की मुलगी?
बाईचे बीज एकाच प्रकारचे असते. शुक्रजंतू मात्र दोन प्रकारचे. एकाने मुलगी होते, दुसऱ्याने मुलगा. कोणता आत शिरेल हे कुणाच्याच हाती नसते. मग मुली झाल्या म्हणून सुनेला बोल का लावायचा? पोटातले मूल मुलगा की मुलगी हे तपासणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मूलच होत नसेल तरी एकट्या बाईला दोष देऊ नका. वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनीही तपासून घ्यावे.

पाळी चुकली तर
आशाताईंना सांगा. लघवीच्या थेंबावर लगेच तपासणी होते. उशीर करू नका, कारण पाळी चुकून दोन आठवडे होतात तोच बाळाचे हृदय हलू लागते, मेंदूचा व पाठीच्या कण्याचा पाया पडतो. म्हणूनच फॉलिक ॲसिडची गोळी मूल हवे असे ठरले की आधीपासूनच घ्यावी. मशेरी, तंबाखू, दारू सोडावी. मनाने कुठलेही औषध घेऊ नये. तीन महिन्यांच्या आत आरोग्य केंद्रात नाव नोंदवावे.

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवा. त्यात ९ महिने ७ दिवस मिळवा. १ जूनला पाळी आली असेल, तर बाळंतपणाची तारीख ८ मार्चच्या सुमारास येते.

अंगावर जाऊ लागले, पोटात जोराची कळ आली किंवा चक्कर येऊन पडल्यासारखे झाले, तर ताबडतोब दवाखाना गाठा. कधीकधी गर्भ नळीतच रुजतो. त्यात आईच्या जिवाला धोका असतो.

बाळंतपणानंतर
"पाळीच आली नाही, मग दिवस कसे राहतील?" असे समजू नका. बीज आधी सुटते, पाळी नंतर येते. त्यामुळे पाळी न येताच पुन्हा दिवस राहू शकतात. दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवा. निरोध, गोळ्या, तांबी, इंजेक्शन यांतले काय सोसेल ते परिचारिकेला विचारा. पुढे मूल नकोच असे ठरले, तर पुरुषाची नसबंदी बिनटाक्याची व सोपी असते.

विचारायला दोघांनी मिळून या. बीज दोघांचे, तसा विचारही दोघांचा!