आपल्या कुत्र्यास काय खाऊं घालावें?

घरीं एखादें कुत्रें असावें असें ज्याला वाटत नाहीं, असा मुलगा विरळाच. त्याचें नांव काय ठेवावें, गळ्यांत पट्टा कोणत्या रंगाचा असावा, यांविषयीं घरांत पुष्कळ चर्चा होते. परंतु तें खाणार काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आपल्या ताटांत उरेल किंवा आपणांस आवडेल तें त्यास घालावें, अशी सर्वत्र समजूत आहे. आमच्या घरींही तीच होती, व तिचें फळ एका मुक्या जीवास भोगावें लागलें. म्हणून हा लेख.

आमच्या मुलांनीं दोन महिन्यांचा एक पिल्लू घरीं आणला. त्याचें नांव मोती. घरांत मटण शिजलें कीं मुलें आपल्या ताटांतील मऊ तुकडे त्याच्यासाठीं काढून ठेवीत. हाड घशांत अडकेल या भीतीनें तेवढें वगळीत. पुढें पुढें मांस व भात यांवांचून तो कशासही तोंड लावीना, आणि आम्ही त्याच्या चोखंदळपणाचें कौतुक करीत असूं. पांचव्या महिन्यांत मोती लंगडूं लागला. त्याचे पुढचे पाय धनुष्याप्रमाणें वांकले, व उडी मारतांच तो कळवळे. पशुवैद्यांनीं तपासून एकच प्रश्न विचारला, "याच्या हाडांसाठीं तुम्ही काय देतां?" आम्हांला उत्तर सुचलें नाहीं.

कारण असें कीं, मांसांत फॉस्फरस विपुल असतो, पण कॅल्शियम फारच थोडें असतें. रक्तांतील कॅल्शियम घटूं लागलें म्हणजे शरीर तें आपल्याच हाडांतून काढून घेतें. रानांतील लांडगा शिकार हाडांसकट खातो, म्हणून त्याचें भागतें; निवडून दिलेल्या मऊ तुकड्यांवर वाढत्या पिलाचें भागत नाहीं.

मग केवळ भाकरी घालावी काय? तेंही नव्हे. लंडन येथें एडवर्ड मेलनबी या शास्त्रज्ञांनीं कुत्र्याच्या पिलांना मुख्यतः धान्याच्या लापशीवर ठेवलें, तेव्हां त्यांना मुडदूस हा हाडें मऊ करणारा रोग जडला. कॉड माशाच्या यकृताचें तेल दिल्यानें तो टळतो असें दिसून आलें. हे प्रयोग १९१९ सालीं प्रसिद्ध झाले. त्या तेलांतील गुणकारी द्रव्य तेंच आज आपण 'ड' जीवनसत्त्व म्हणून ओळखतों. मनुष्याच्या कातडींत उन्हानें तें तयार होतें. कुत्र्याच्या कातडींत तें पुरेसें होत नाहीं, म्हणून त्यास तें अन्नांतूनच मिळावें लागतें. मनुष्याच्या लेकरांचा मुडदूस टाळण्याची विद्या आपणांस त्या पिलांच्या वांकड्या पायांनीं शिकविली, हें ऋण आपण विसरूं नये.

तथापि धान्य कुत्र्यास वर्ज्य आहे असेंही नाहीं. हजारों वर्षें मनुष्याच्या सहवासांत राहून त्याचें पोट बदललें आहे. पिष्टमय पदार्थ पचविण्यास उपयोगी पडणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यांत सामान्यतः दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत आढळल्या, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दाखविलें आहे. तेव्हां शिजविलेला भात किंवा भाकरी, त्यांसह मांस, उकडलेलें अंडें अथवा कांटे काढलेले मासे, आणि थोडें गाजर किंवा भोपळा, असें मिश्र अन्न त्यास मानवतें. त्यांत मीठ-मसाला नको. मात्र घरच्या अन्नांत कॅल्शियम व जीवनसत्त्वें किती घालावीं, हें पशुवैद्यांसच विचारावें. अंदाजानें अधिक दिल्यासही अपाय होतो. विकतचें तयार अन्न घ्यावयाचें असल्यास पिशवीवरील चित्र न पाहतां मजकूर वाचावा. तें पूर्ण आहार म्हणून आहे कीं केवळ खाऊ म्हणून, आणि पिलासाठीं आहे कीं प्रौढ कुत्र्यासाठीं, हें पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. जुनें अन्न बदलून नवें सुरू करणें तें एकदम न करितां सुमारें आठवड्याभरांत हळूहळू करावें.

कांहीं पदार्थ मात्र कटाक्षानें टाळावेत. कांदा व लसूण यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात. द्राक्षें, मनुका व बेदाणे यांनीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. चॉकलेट व झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची मिठाई हीं तर विषच होत. शिजविलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होऊन आंतडीं फाटण्याचें भय असतें. दूधही पुष्कळ मोठ्या कुत्र्यांस पचत नाहीं.

लहान पिलास दिवसांतून तीन-चार वेळां व प्रौढ कुत्र्यास दोन वेळां अन्न द्यावें. स्वच्छ पाणी सदैव असावें. माप बरोबर आहे कीं नाहीं हें त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवून पाहावें. त्या हातास सहज लागाव्या, पण डोळ्यांस ठळक दिसूं नयेत.

योग्य आहार सुरू केल्यावर मोती बरा झाला. आज तो अंगणभर धांवतो. पाय मात्र अद्याप किंचित् वांकडे आहेत. त्याच्या भांड्यांत कांहीं घालण्यापूर्वीं आमचीं मुलें आतां एकमेकांस विचारतात, "हें त्याला चालेल ना?" हा प्रश्न पहिल्याच दिवशीं कोणी विचारला असता, तर त्याचे पाय सरळ राहिले असते.